परदेशात राहून मायदेशातल्या लोकशाहीसाठी लढण्याचा काही उपयोग होतो का?

होतो, पण फार हळू. पूर्व युरोपातल्या बेलारूसच्या विरोधी पक्षनेत्या स्वेतलाना त्सिखानोव्हस्काया यांचंच बघा. नवरा सर्गेई राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार होता, त्याला २०२० मध्ये अटक झाली, म्हणून त्या उभ्या राहिल्या. सरकारी निकालात सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांना ८० टक्के मतं दाखवली आणि लोक रस्त्यावर उतरले. दोनच दिवसांत स्वेतलाना यांना देश सोडून लिथुआनियाला जावं लागलं. पुढे २०२३ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना १५ वर्षांची शिक्षा सुनावली.

तिथून त्या काय करत होत्या? नवऱ्याचा फोटो लावलेली फाईल घेऊन एकेका देशाच्या नेत्यांना भेटत होत्या आणि राजकीय कैद्यांची आठवण करून देत होत्या. माझ्या मते बाहेर गेलेल्या माणसाचं मोठं काम हेच, आतल्यांना जगाच्या विस्मरणात जाऊ न देणं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीनंतर सर्गेई सुटले. इतके खंगले होते की धाकट्या मुलीने त्यांना ओळखलंच नाही! हे सांगताना पत्रकारांसमोर सर्गेईंना रडू आवरेना. ते वाचून माझ्याही पोटात कालवलं.

लुकाशेंको मात्र अजून सत्तेवर आहेत आणि कितीतरी कैदी आतच आहेत.