दुकानदार नवऱ्याशीच बोलतो

प्रश्न : काकू, नवऱ्याची जपानमध्ये हमामात्सुला बदली झाली आहे. तो जपानीची एन-थ्री, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास आहे, मला मात्र 'कोन्निचिवा'च्या, म्हणजे नमस्काराच्या पुढे काही येत नाही. मुलगी सहा वर्षांची, तिकडेच पहिलीत जाईल. भाषा येत नाही म्हणून लोक हसतात का? तुसडेपणानं वागतात का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : हसत नाहीत गं. आम्ही नागोयाला राहतो, तुसडेपणा इथे क्वचितच वाट्याला येतो. उलट तू अडखळलीस की समोरचाच घाबराघुबरा होतो, आता आपल्याला इंग्रजी बोलावं लागणार म्हणून. नवरा सोबत असेल तर बघायलाच नको. प्रश्न तू विचारायचास आणि उत्तर त्याला मिळायचं! मला याचा फार राग यायचा. त्यावर उपाय एकच, बाजारात एकटीनं जायचं.

कोनबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातला मुलगा ठरलेलेच प्रश्न विचारतो. पिशवी हवी का (2020च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात), डबा गरम करून देऊ का, पॉइंट कार्ड आहे का. पण विचारतो इतक्या दरबारी भाषेत की वर्गात शिकलेलं काही ओळखूच येत नाही. "यासाशी निहोंगो दे ओनेगाई शिमासु", सोप्या जपानीत सांगा, हे वाक्य पाठ कर. 1995च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळेनात, त्यातून 'सोपी जपानी' पुढे आली. 2020 मध्ये सरकारनं तिची मार्गदर्शिकाही काढली. म्हणून पालिकेच्या खिडकीवर हे वाक्य चांगलं चालतं. दुकानात तेवढं नाही, पण समोरचा निदान हातवाऱ्यांवर येतो.

हमामात्सु त्या मानानं सरावलेलं शहर. 1990 मध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझिलियन तिथल्या कारखान्यांत कामाला आले. पालिकेची माहिती पोर्तुगीजमध्येही मिळते. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. 1998 मध्ये तिथल्या एका दागिन्यांच्या दुकानदारानं ब्राझीलच्या पत्रकार बाईला, ती कुठली हे कळल्यावर, बाहेर जायला सांगितलं. बाईनं खटला भरला आणि पुढच्या वर्षी जिंकली. घर भाड्यानं घेताना हा नकार अजून भेटतो. न्याय मंत्रालयाच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्यांपैकी सुमारे 39 टक्के लोकांना 'परदेशी' म्हणून नाही ऐकावं लागलं होतं. तुमचं घर कंपनी बघत असेल तर सुटलात.

मला तुझी काळजी वाटते ती शाळेची. लेकीच्या दप्तरातून कागदांची चळतच्या चळत घरी येते. पोहण्याच्या तासाला ताप मोजून कार्डावर लिहायचा, फरशी पुसायला टॉवेलचं शिवलेलं फडकं द्यायचं, असं काय काय. मोबाइल भाषांतर करतो, पण फडकं केवढं आणि शिवायचं कसं, ते तो थोडंच सांगणार? ते बाकीच्या आयांना माहीत असतं. त्या चांगल्या असतात, फाटकाशी हसून वाकतातही. पण कशाला तिला बोलायचा त्रास, असा विचार करून त्या तुला हाक मारत नाहीत. वाईट हेतू कुणाचाच नसतो आणि वर्ष मात्र गप्प जातं. माझ्या मते तुसडेपणापेक्षा ही आदब जड जाते, कारण भांडायचं तरी कुणाशी?

म्हणून पहिल्याच आठवड्यात एका आईला गाठ. कागद पुढे धर, बोट ठेव आणि "कोरे, नान देसु का?" म्हणजे हे काय आहे, एवढंच विचार. व्याकरण घरी राहू दे. तिचं उत्तर निम्मंच कळेल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार, आणि तिलाच विचार. हमामात्सु पालिकेचं परदेशी रहिवाशांना जपानी शिकवणारं केंद्र आहे, तिथेही नाव घाल. तेवढ्या वेळात लेकीकडे बघायला नवरा आहेच की.