अमेरिकेतल्या छोट्या गावात सगळे शेतीच करतात का?

नाही हो. आयोवातलं न्यूटन घ्या. वस्ती जेमतेम पंधरा हजार, भोवती मक्याची शेतं, पण गाव पोसलं मेटॅगच्या वॉशिंग मशीनच्या कारखान्याने. आजोबा, बाप, लेक एकाच गेटातून आत जाणारे, अशी घरं तिथे होती. 2006मध्ये व्हर्लपूलने कंपनी विकत घेतली आणि 2007मध्ये कारखान्याला टाळं लागलं. (आपलं गिरणगाव आठवतंच!) पुढे त्याच आवारात पवनचक्क्यांचे मनोरे बनू लागले; 2009मध्ये ओबामा ते बघून गेले. पण बऱ्याच जणांना कमी पगारावर काम धरावं लागलं. काहींनी पन्नासेक किलोमीटरवरचं डे मॉइन गाठलं, रोज गाडीने ये-जा. बायकोची नोकरी शाळेत किंवा दवाखान्यात असेल, तर घर गावातच राहिलं.