लढाई चालू असताना विचारायचं की नाही?

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात आहे, जम्मूकडे. मे 2025 मधल्या पाकिस्तानशी लढाईच्या त्या चार दिवसांत त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर रात्रभर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगत होते, ते खोटं निघालं. ओट्यावर बायका बसल्या होत्या, तिथे मी एवढंच म्हटलं, "आपले किती गेले ते कोणी सांगत का नाही?" शेजारचे एक भाऊ म्हणाले, "जवानाची आई असून असं बोलता? ही विचारायची वेळ नाही." ते मनाला लागून राहिलंय. माझं चुकलं का? अशा वेळी देश चालवणाऱ्यांकडून आपण काय अपेक्षा धरावी?
— एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही. जवानाची आई आहात म्हणूनच पहिला हक्क तुमचा.

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी काडतुसांच्या तपासणीत. लॉटमधून, म्हणजे एका खेपेच्या मालातून, नमुने काढायचे, मापं घ्यायची, बंदुकीतून झाडून बघायचे. नमुना फसला की अख्खा लॉट अडवायचा, आणि कागदावर सही माझी. 1999 ला कारगिल पेटलं तेव्हा माल लवकर हवा होता, पण "आता तपासणी राहू द्या" असं आम्हाला एकदाही कोणी म्हटलं नाही. वर डोंगरावर ऐन वेळी काडतूस फुटलं नाही तर पोरगा जीवाला मुकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काडतुसाला जी तपासणी लागते ती पोराला लढायला पाठवणाऱ्याच्या निर्णयाला नको, हे मला कधी पटलं नाही.

1962 ला मी दहा वर्षांचा होतो. शाळेत गुरुजींनी संरक्षण निधीसाठी सांगितलं आणि आईने हातातल्या पाटल्या द्यायच्या ठरवल्या. त्या निघेनात. मोरीत बसून तिने साबण लावला, आजीने ओढल्या, मनगट लाल झालं. एक निघाली, तीच दिली. अशी सोनं देणारी घरं तेव्हा गावोगाव होती. लोक द्यायला कधीच मागे नव्हते, आजही नाहीत.

आता त्याच दिवसांतलं दुसरं ऐका. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा, अशी मागणी करणाऱ्यांत वाजपेयी होते, तेव्हा राज्यसभेचे तरुण खासदार. नेहरूंनी ती मानली. 8 नोव्हेंबरला संसद बसली, तेव्हा सीमेवर लढाई चालूच होती. बैठक गुप्त घ्या अशी सूचना आली, ती नेहरूंनी नाकारली. खासदार त्यांना तोंडावर बोलले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तर संसद बसायच्या आधीच जावं लागलं होतं, आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. इतकं विचारून देश मोडला नाही. पण त्या पराभवाची लष्कराने केलेली चौकशी, हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांचा 1963 चा अहवाल, सरकारने आजवर पूर्ण खुला केलेला नाही. माझी आई गेली, पाटलीचा हिशोब तिने कधी मागितला नाही. मला तो हवा आहे, सोन्याचा नव्हे, चुकांचा.

कारगिलचं उदाहरण मिश्र आहे. तेव्हा वाजपेयी पंतप्रधान होते. लोकसभा बरखास्त झालेली, म्हणून राज्यसभेचं खास अधिवेशन बोलवा अशी विरोधकांची मागणी होती. ती मानली गेली नाही. मला ते तेव्हाही खटकलं. मात्र 26 जुलैला लढाई संपली आणि 29 जुलैला संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली, हे कसं घडलं ते तपासायला समिती नेमली. 23 फेब्रुवारी 2000 ला तिचा अहवाल संसदेत ठेवला. सुरक्षेसाठी काही भाग गाळला, ते मी समजू शकतो.

म्हणून शेजारच्या भाऊंना सांगा, आमची तुकडी कुठे आहे, उद्या कुठे जाणार, हे आम्ही विचारत नाही. ते विचारूही नये; मुलाच्या फोनवरचा फोटोसुद्धा गावच्या ग्रुपवर टाकू नका. पण लढाई कशासाठी, काय झालं म्हणजे ती संपली म्हणायचं, आणि किती घरांत अंधार झाला, हे नेत्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. घरच्यांच्या आधी टीव्हीला कळता कामा नये. टीव्हीवर खोटं चाललं तर त्याच रात्री सरकारने ते खोटं आहे म्हणावं. तुमची ती एक रात्र कोणी भरून देणार नाही.

आणि जे आपल्याला सोसायला सांगतात ते त्यांनी आधी सोसावं. 1965 ला शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं. आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटायची नाही आणि कोणी कुरकुर केली नाही, कारण त्यांच्या घरीही पेटत नाही, हा विश्वास होता.

आपल्या अहिराणीत तुमची मागणी तीन शब्दांची आहे : आम्हले खरं सांगा. ती कागदावर उतरवा. खासदारांच्या कचेरीत अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यावरची तारीख नीट उमटली का ते तिथेच बघा. उत्तर आलं तर मला कळवा. महिन्याभरात नाही आलं तरी कळवा, दुसरा अर्ज आपण मिळून लिहू.