एक मीटर पाण्यात तरंगणारी आणि पुलाखालून जाणारी यॉट

पैशाची अजिबात चिंता नसती तर तुमची स्वप्नातली यॉट कशी असती, असा प्रश्न आहे. मी गोव्याचा, बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी, त्यांच्या दुरुस्तीच्या यार्डात फॅब्रिकेशनचं काम बघतो, म्हणजे बोटी मी जास्त करून खालून बघितल्यात, स्लिपवेवर, म्हणजे पाण्यातून वर यायच्या उतारावर ओढून घेतलेल्या, गंजलेल्या, तळाला शिंपले चिकटलेल्या. त्यामुळे यॉट म्हटलं की हेलिपॅड, जकुझी असलं काही डोक्यात येतच नाही, पहिला विचार येतो तो हाच की ही बया उभी कुठे करायची.

आता ती 'अझ्झाम' बघा, जर्मनीत बांधलेली, २०१३ ची, १८० मीटर लांब. फुकट दिली तरी मी काय करू तिचं? मुरगाव बंदरात लोखंडाच्या खनिजाच्या जहाजांशेजारी उभी करून लांबून बघत बसायचं एवढंच. मांडवीच्या तोंडाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की ती वाट बंदच होते. कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज, ती २००० साली जूनमध्ये येऊन वाळूत रुतली ती दहा वर्षांच्या वर तिथेच पडून होती, आमच्या वयाच्या लोकांनी ती रोज बघितलीय. पैसा कितीही असू दे, पाणी आहे तेवढंच खोल असतं.

दुसरी अडचण वरची. पणजीत मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल आहेत, आणि उंच डोलकाठीची बोट असेल तर तुमचा गोवा तिथेच संपला. रायबंदर, चोडण, दिवाडी, जुनं गोवं सगळं पुलाच्या पलीकडे. आणि हा त्रास फक्त आपल्यालाच नाही बरं का, अॅमेझॉनवाले जेफ बेझोस यांची यॉट 'कोरू', १२७ मीटर, तीन डोलकाठ्यांची, ती रॉटरडॅमजवळ बांधली तेव्हा तिथला जुना रेल्वेचा पूल मधे यायला लागला म्हणून पुलाचा मधला भाग तात्पुरता काढायची भाषा झाली, २०२२ मध्ये लोक एवढे भडकले की शेवटी डोलकाठ्या न चढवताच बोट ओढून नेली. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एक माणूस, आणि अडला तो पुलाला.

तर माझी यॉट या दोन मापांवरून सुरू होते. पाण्याखाली जास्तीत जास्त एक मीटर, आणि पाण्यावर पुलाखालून जाईल एवढीच. बाकी सगळं त्यात बसवायचं.

कॅटामरान घ्यायची, दोन हलची (हल म्हणजे पाण्यात बसणारं बोटीचं अंग), अठरा मीटरच्या आसपास. त्या डुलत नाहीत फारशा (आईला बोट लागते, हा मुद्दा घरात फार मोठा आहे) आणि कमी पाण्यात चालतात. एका हलच्या शिडाच्या बोटीला खाली जड कील, म्हणजे तळाला जोडलेलं वजनदार पातं लागतं, कॅटामरानला उभं राहायला तसं वजन लागत नाही, नुसते डॅगरबोर्ड पुरतात, म्हणजे तळातून खाली-वर सरकवता येणारी पाती, खाडीत शिरताना वर ओढायची, समुद्रात खाली सोडायची की बोट वाऱ्याने आडवी घसरत नाही. ओहोटीला चिखलावर बसली तरी दोन्ही हलवर सरळ बसेल, कलंडणार नाही. डोलकाठी एक उंच नको, दोन बुटक्या द्या, बुडाशी बिजागरी आणि हायड्रॉलिक, बटण दाबलं की आडव्या. शिडं लहान झाल्यामुळे वेग कमी होईल, होऊ दे. मला रेस नाही लावायची.

हल अॅल्युमिनियमची. यावर माझी आणि यार्डातल्या लोकांची कायम हुज्जत असते, ते म्हणतात फायबर घे, इथे फायबरची चांगली कामं होतात, आणि ते खोटं नाही. नौदलाची 'म्हादेई' दिवाडीच्याच यार्डात बांधली, ५६ फूट, लाकूड आणि फायबरग्लास, आणि त्याच बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीला फेरी मारून आले, नंतर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेच न थांबता. तिची धाकटी बहीण 'तारिणी' पण इथलीच, सहा नौदल अधिकारी बायका ती घेऊन २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यातून निघाल्या त्या २०१८ च्या मे मध्ये परत गोव्यात. तेव्हा फायबरला मी नावं ठेवत नाही. पण मी वेल्डिंगवाला माणूस, धातू खडकावर घासला तर चेपतो, मग मी तो ठोकून सरळ करतो किंवा तुकडा कापून नवीन लावतो. फायबर आतून ओला झाला की बाहेरून कळत पण नाही.

अॅल्युमिनियमची नाटकं वेगळी. तांबं असलेला नेहमीचा तळाचा रंग त्याला चालत नाही, खाऊन टाकतो, खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की बॅटरीच तयार होते. म्हणून बिनतांब्याचा रंग, स्टीलचा प्रत्येक बोल्ट मधे प्लास्टिकचा वॉशर घालून बसवलेला, आणि तळाला अॅनोड, म्हणजे गंज आधी त्या तुकड्याला खातो आणि हल वाचते. ते वेळेवर बदलायचे. डेकवर सागवान अजिबात नको. फोटोत छान दिसतं, पण एप्रिलमधल्या दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा आणि वर्षभर ते घासायला माणूस ठेवा.

इंजिनाच्या जागी दोन इलेक्ट्रिक मोटरी, लिथियम बॅटऱ्या, अख्ख्या छपरावर सोलर, आणि लांबच्या पल्ल्यासाठी एक डिझेल जनरेटर, चांगला साऊंडप्रूफ केलेला. आवाज हा माझा सगळ्यात मोठा हट्ट. पणजीच्या जेटीवर संध्याकाळी उभे राहा, एका बोटीवरचं गाणं दुसऱ्या बोटीवरच्या गाण्यात मिसळून जे काही कानावर येतं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, हवा येईल असं, मासळी तळताना खाली केबिनमध्ये वास नको. शेगडी झुलणारी पाहिजे म्हणजे बोट कलली तरी कालवणाचं पातेलं सरळ राहतं. मागच्या बाजूला मासे साफ करायचा ओटा, खाऱ्या पाण्याच्या नळासकट. खाऱ्याचं गोडं करणारं मशीन लागेलच. आईने देवघर आणि तुळस दोन्ही सांगितलंय, देवघर झालं, पण तुळशीला खारी हवा मानवत नाही म्हणून तिला काचेआड ठेवायची असं सध्या ठरलंय, म्हणजे माझ्याकडून ठरलंय.

आणि या बोटीने जायचं कुठे, तर सगळ्यात आधी कुंभारजुव्याच्या कालव्यात. मांडवी आणि झुआरी आतून जोडणारा हा कालवा, पावसाळ्यात आग्वादची वाट बंद झाली की मांडवीतली बार्ज याच वाटेने झुआरीत उतरून मुरगावला जायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर ती रांगच मोडली, आमच्या यार्डाचं काम पण. दोन्ही काठाला खारफुटी, आणि ओहोटीला चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या, खऱ्याखुऱ्या मगरी, त्यामुळे पोहायची शिडी तिथे वरच ठेवायची. करोडोंच्या यॉटवाल्यांना हे बघायचं तर भाड्याच्या होडीतून यावं लागतं.

मग उत्तरेला तेरेखोल, वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग. पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर किनारा धरून पुढे सरकायचं, संध्याकाळी कुठल्या तरी खाडीत नांगर. एकदा लक्षद्वीप, बंगारामचं लगून उथळच आहे, माझ्या बोटीला अगदी मापाचं. तीनशेच्या आसपास सागरी मैल, सात नॉटने, म्हणजे ताशी सात सागरी मैलांनी, दोन रात्रींचा प्रवास, जाताना वारा मागून, परत येताना तोंडावर, तेव्हा जनरेटर. परमिट लागतं तिथे, ते आधीच काढायचं.

पैसा प्रश्न नाही म्हणालात ना, तर खरा पैसा मी माणसांवर घालणार. यॉटवाले म्हणतात की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी तिच्यावर जातात, आणि त्यात सगळ्यात आधी कात्री लागते ती पगाराला. कांदोळीत ज्यांचा बंगला होता त्या विजय मल्ल्यांची 'इंडियन एम्प्रेस', ९५ मीटर, २०१८ मध्ये माल्टात खलाशांचा पगार थकला म्हणून अडकवून ठेवली आणि मग लिलावात गेली. मी तीनच माणसं ठेवीन पण बार्जवर आयुष्य काढलेला एक सारंग, म्हणजे बोट चालवणारा जाणता खलाशी, त्यात पाहिजेच, ज्याला वाळू कुठे सरकलीय ते पाण्याच्या रंगावरून कळतं, आणि त्यांचा एका वर्षाचा पगार बोट पाण्यात घालायच्या आधीच बँकेत टाकून ठेवीन. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बोट स्लिपवेवर, माणसं घरी, पगार चालू.

राहिलं नाव. मी दोन-तीन फॅन्सी नावं काढली होती, आईने 'शांतादुर्गा' म्हणून विषय संपवला. आता या नावाच्या बोटी आपल्याकडे एवढ्या आहेत की व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, कुणी हाक मारली तर बेतीपासून काणकोणपर्यंत दहा जण एकदम ओ देतील, म्हणून पुढे नंबर लावायचा की गावाचं नाव, यावर घरात चर्चा चालू आहे.