नाशिकमध्ये स्वतःसाठी योग्य थेरपिस्ट कसा शोधावा? एका ठिकाणी जाऊन आले, पण जमलं नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दीड वर्षापासून झोप नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग नोकरी, आईची तब्येत, पैसे असं सगळं एकदम डोक्यात सुरू होतं. धीर करून एका समुपदेशकांकडे गेलात, तर दुसऱ्याच भेटीत 'लग्न झालं की सगळं सुरळीत होईल' हे ऐकून परत आलात. आता विचारताय की नवा माणूस कसा निवडू, खर्च किती येतो, घरी सांगू का, आणि जमलं नाही यात माझंच काही चुकलं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. इंदिरानगरला राहतो, अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. तीन जणांकडे जाऊन आल्यावर मला माझा माणूस सापडला, म्हणून लिहायला बसलोय.

कामासाठी आठवड्यातून एकदा मला भिवंडीला जावं लागतं. जुलै २०२२ मध्ये कसारा घाटात, धो धो पावसात, पुढे ट्रकची रांग लागलेली असताना माझी छाती आवळली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपण संपलो असं वाटलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. नाशिकला परतल्यावर ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. घरात ठरलं की गॅस झाला असणार. पण पुढच्या खेपेला इगतपुरी सोडल्यावर पुन्हा तेच. मग मी घाट टाळायला लागलो, कारणं सांगून सहकाऱ्याला पाठवायला लागलो. पुढे पुढे तर द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तरी जीव खालीवर व्हायचा.

सगळ्यात आधी एका समुपदेशकांकडे गेलो. ओळखीतल्या दोघांनी नाव सांगितलं होतं, पाटी मोठी होती. सकारात्मक विचार करा, मुलांकडे बघा, पहाटे उठून फिरायला जा, असं चाललं होतं. तिसऱ्या भेटीत मी भीत भीत म्हणालो की फरक पडत नाहीये. उत्तर मिळालं, "तुमची इच्छाशक्तीच कमी पडतेय." त्यानंतर पाच महिने मी कुणाकडेच गेलो नाही. चुकीच्या माणसाकडे गेल्याने होणारं खरं नुकसान हे आहे. फी जाते ती जाते, पण पुन्हा दार ठोठवायची हिंमतही जाते. तुम्ही पुन्हा विचारताय, म्हणजे ती हिंमत अजून शाबूत आहे. तिला जपा.

आता थोडी माहिती, कारण आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट 'डॉक्टर' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि गोळ्या हे त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर बहुतेकांनी दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं. रुग्णालयात देखरेखीखाली काम शिकून ते थेरपी देतात, आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. त्या नोंदणीला सीआरआर नंबर म्हणतात. तो विचारायला लाजू नका, चांगला माणूस लगेच सांगतो. समुपदेशकांचं मात्र तसं नाही. त्यात उत्तम शिकलेले, वर्षानुवर्षं मन लावून काम करणारे लोक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. पाटीवरून फरक कळत नाही, म्हणून शिक्षण कुठे झालं, देखरेखीखाली किती काम केलं, हे विचारावंच लागतं.

माझ्या बाबतीत शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार, असं नाव दिलं, एक गोळी सुरू केली आणि सांगितलं की परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतील, मनाने बंद करायची नाही. 'गोळ्यांची सवय लागेल' ही माझी भीतीही त्यांनी नीट ऐकून घेतली. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं आहे, पण मला दिलेली त्यातली नव्हती. तुम्हालाही सांगतो, मेडिकलवाल्याकडून किंवा मैत्रिणीकडून झोपेची गोळी घेऊ नका. त्या डॉक्टरांकडे दहा मिनिटांच्या वर वेळ नसायचा, आणि हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने मान्य करून मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आपल्या मर्यादा सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आजही आदर आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या ठिकाणी, त्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "हे सगळं नीट झालं, तर तुम्ही काय कराल जे आज करत नाही?" मी पटकन म्हणालो, "कसारा घाट स्वतः गाडी चालवत उतरेन." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मी 'जीव खालीवर होतो' म्हणालो तर तेच शब्द घेऊन म्हणाल्या, "शून्य ते दहामध्ये किती खालीवर?" मला इंग्रजी शब्द शोधावे लागले नाहीत. ही गोष्ट छोटी वाटते, पण ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत बोलता येणं फार मोठं आहे. तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील आणि मनातलं त्याच भाषेत येत असेल, तर ती समजणारं कुणी मिळतं का हेही जरूर विचारा.

तरीही चौथ्या भेटीपर्यंत माझं काही हललं नव्हतं. श्वासाचे व्यायाम देत होत्या, मी घरी करत होतो, आणि दर वेळी 'बरं आहे' म्हणून येत होतो. शेवटी एकदा बोललो, "मॅडम, खरं सांगायचं तर याने मला काही होत नाहीये. वेळ चाललाय असं वाटतं." मला वाटलं त्या दुखावतील. त्यांनी विचारलं, "असं कधीपासून वाटतंय? आधी सांगायला जड का गेलं?" आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. मी समोरच्याला नाराज करायला किती घाबरतो हे त्या दिवशी मला कळलं. पुढच्या भेटीत त्यांनी आराखडाच बदलला.

म्हणून निवडण्याची माझी कसोटी एकच आहे. तीन-चार भेटींनंतर, जे पटत नाही ते तोंडावर सांगून बघा, आणि समोरचा ते कसं घेतो ते पाहा. त्याने कुतूहलाने विचारलं, कारण समजावलं किंवा पद्धत बदलली, तर थांबा. दोष तुमच्यावर ढकलला, तर उठा. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि त्याच्याकडे येणारा माणूस यांच्या नात्याचे तीन भाग मांडले होते: कुठे पोहोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. मी हे नंतर वाचलं आणि माझ्या तिन्ही अनुभवांचा उलगडा झाला. पहिल्या ठिकाणी तिन्ही नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी मधला भाग लटपटत होता, आणि मी बोललो म्हणून तो दुरुस्त झाला.

फक्त एक गल्लत करू नका. त्रास होतो म्हणजे माणूस चुकीचा आहे असं नाही. बदललेल्या आराखड्यात मॅडमनी मला क्लिनिकमध्येच मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला, म्हणजे तीच धडधड, तीच चक्कर माझी मीच आणायची आणि ती आपोआप उतरताना पाहायची. मग पांडवलेणीच्या पायऱ्या भरभर चढणं. मग गाडीने विल्होळीपर्यंत, पुढच्या आठवड्यात घोटीच्या टोलनाक्यापर्यंत, मग इगतपुरी. प्रत्येक टप्प्याला मला भीती वाटली, दोनदा रडलो. पण हे कशासाठी चाललंय ते मला प्रत्येक वेळी माहीत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये घाट उतरलो, एकटा, आणि खाली कसाऱ्याला गाडी थांबवून मॅडमना मेसेज केला.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, कारण त्यातल्या गडबडीनेही थकवा, बेचैनी, उदासी येते. मग थेरपिस्टला फोन करताना मोघम 'मला टेन्शन आहे' असं म्हणू नका. "मला दीड वर्षापासून पहाटे तीनला जाग येते, आणि काळजी थांबत नाही. तुम्ही झोपेसाठीची सीबीटी करता का?" असं थेट विचारा. सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, आणि जुनाट निद्रानाशासाठी तिचा खास प्रकार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळ्यांच्याही आधी तीच सुरू करावी अशी शिफारस केली होती. तिच्यात झोपेची डायरी ठेवायची असते, रोज उठण्याची वेळ एकच ठेवायची असते, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नसतं. जो हे ऐकून 'हो, मी असं असं करतो' म्हणून दोन वाक्यांत समजावेल, त्याची वेळ घ्या. जो 'या, बघू' एवढंच म्हणेल, त्याच्याआधी आणखी एकाला फोन करा. त्याच फोनवर फी, भेट रद्द केली तर काय, आणि किती भेटींनंतर आढावा घेऊ हेही विचारून घ्या.

वीस भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाऊ नका. खात्रीशीर बरं करतो म्हणणाऱ्याकडे नको. दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे तर मुळीच नको. आणि कुणी तुमच्यासमोर 'परवा अमुक कॉलेजच्या प्राध्यापिका आल्या होत्या' असं सांगू लागलं, तर समजा की उद्या दुसऱ्या कुणासमोर तुमची गोष्ट निघेल. आपलं नाशिक वाढलं असलं तरी गंगापूर रोडच्या एखाद्या वेटिंग रूममध्ये मावसबहीण भेटू शकते, ही भीती मला समजते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असणं, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. पहिल्याच भेटीत विचारा, "माझ्या घरून फोन आला तर तुम्ही काय सांगाल?" नातेवाइकाच्या मैत्रिणीकडे मात्र जाऊ नका, ती कितीही चांगली असली तरी. ऑनलाइन भेटीही चालतात. घरी बोलता येत नसेल तर मोकळी जागा आधी शोधून ठेवा. मी काही भेटी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केल्या आहेत.

खर्चाचं म्हणाल तर मला एका भेटीचे बाराशे रुपये लागत होते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरवड्याने. जड जात होतं हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी भेटी विरळ करून मध्ये घरचा अभ्यास वाढवला. तुम्हीही सांगून बघा, काही जण फी कमी करतात. तेही परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गर्दी असते, तासभर निवांत बोलणं तिथे मिळेल असं नाही, पण निदान आणि औषधांसाठी ती जागा विश्वासाची आहे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइनही आहे, १४४१६ वर, चोवीस तास, मोफत, मराठीतून. पहाटे तीनला जागं असताना तिथे बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटू लागलं, किंवा जेवणखाणच तुटलं, तर योग्य थेरपिस्ट शोधत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

राहिलं घरी सांगायचं. सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. एकच माणूस निवडा, जो तुम्हाला दारापर्यंत सोडेल आणि बाहेर आल्यावर 'काय म्हणाले' असं विचारणार नाही. माझ्यासाठी तो माझा मेहुणा होता. पहिल्या सहा भेटींना तो सातपूरहून यायचा, खाली रसवंतीवर बसायचा, आणि मी उतरलो की दुसरा ग्लास सांगायचा.