कांदोंबेचे ढोल स्पेनमध्ये

प्रश्न : उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम 35 लाख. स्पेनमध्ये स्थायिक झालेली तिथली माणसं एकमेकांना धरून कशी राहतात?

उत्तर : उरुग्वेतल्या 2002च्या बँक-संकटानंतर तिथले बरेच लोक स्पेनला गेले. भाषा तीच, अनेकांचे आजी-आजोबाही मूळचे स्पेनचेच. म्हणूनच ही माणसं तिथल्या गर्दीत चटकन मिसळून जातात, आणि वेगळेपण जपायला मुद्दाम खटपट करावी लागते.

संस्था काढायला स्पेनमध्ये तीन माणसं पुरतात : स्थापनेचा ठराव, नियमावली, मग नोंदणी. पण माणसं खरी जमतात ती कांदोंबेच्या, म्हणजे उरुग्वेच्या पारंपरिक तालसंगीताच्या, ढोलांभोवती. चिको, रेपिके आणि पियानो असे तीन ढोल; तिन्ही खांद्याला पट्ट्याने अडकवून, एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा ठेवून, चालत वाजवायचे. चिको लहान, त्याचा ठेका अखंड हवा. तो डळमळला की सगळी रांग विस्कटते. म्हणून नवख्यांची तयारी चिकोवरच करून घ्यावी. कातडं दमट हवेत सैल पडतं, ते रस्त्याकडेला शेकोटी करून तापवतात. फार जवळ धरलं तर फाटतं. जिथे उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, तिथे धातूच्या खिळी-कड्यांनी ताणायचे ढोल घेतलेले बरे.

उरुग्वेत 19 प्रांत आहेत. परदेशस्थांना '20वा प्रांत' म्हणतात. तरीही त्यांना परदेशातून मत देता येत नाही, मतदानासाठी मायदेशी जावं लागतं. टपाली मतदानाचा प्रस्ताव 2009च्या सार्वमतात फेटाळला गेला. आमच्या मते हा सरळ अन्याय आहे.