जुन्या वास्तूंवर खर्च करून आजच्या माणसाला काय मिळतं?

शहराला पाणी, शाळा, दवाखाने हवे असताना जुन्या वास्तूंच्या डागडुजीवर पैसा का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरची. पर्यटकांचं राहू द्या, मी पाण्यापासूनच सुरू करते.

आमच्याकडे नळाला येतं ते मुख्यतः नर्मदेचं पाणी. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून ते पंपांनी घाट चढवून आणतात आणि विजेचं बिल शहर भरतं. १९७८ मध्ये नर्मदा आली, नळ झाले, आणि गल्लोगल्लीच्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, हळूहळू नजरेआड गेल्या. कुठे कचरा पडला, कुठे वर स्लॅब टाकला गेला. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना अशाच झाकलेल्या बावडीवरचं छत खचलं आणि ३६ माणसं गेली. नंतर ती बावडीच बुजवून टाकली. मला हे पटलेलं नाही. बावडी उघडी, कठडा बांधलेली, गाळ उपसलेली असती तर ती माणसं आज घरी असती, आणि मोहल्ल्याला झाडांना, धुण्याभांड्यांना पाणीही मिळालं असतं. आपल्या पायाखाली काय आहे याची नोंद ठेवणं हे जतनाचं पहिलं काम, आणि त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

आता राजवाडा, इंदूरच्या होळकरांचा जुना वाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला, तो २००६-०७ मध्ये जुन्याच पद्धतीने, वीट-दगड-चुना-लाकडात पुन्हा उभा राहिला. चुन्याचं काम एकदा जवळून बघाच. कळीचा चुना विझवायचा, मुरवायचा, त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालायची, गूळ, मेथी, उडीद, बेलफळ यांचं भिजवण मिसळायचं आणि घोटत राहायचं. घाई चालत नाही. पण अशी भिंत ओल धरून बसत नाही. जुन्या भिंतीला वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, तुळया कुजतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय या कामात सामानापेक्षा मजुरीचा वाटा मोठा, म्हणजे पैसा जातो तो गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या घरी. एकदा हात बसला की तोच गवंडी पुढे एखाद्याचा जुना वाडाही दुरुस्त करू शकतो.

शाळा की वास्तू, अशी निवड दरवेळी करावीच लागते असंही नाही. होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, तिथे आजही वर्ग भरतात. महेश्वरच्या किल्ल्यात माग चालतात, बाया साड्या विणतात आणि त्यावर घरं चालतात. दर्शनी भाग रंगवून आत कुलूप घालणं, किंवा भोवतालच्या जुन्या भाडेकरूंना आणि टपरीवाल्यांना हुसकावून 'हेरिटेज' करणं, याला मात्र मी जतन म्हणत नाही. तशा कामावर तुम्ही राग धरलात तर मी तुमच्याच बाजूने आहे.

तुमच्या वस्तीत बावडी असेल तर आधी तिच्यावर काही बांधलंय का ते बघा, आणि असेल तर तिथे लोक जमू देऊ नका. वॉर्डाच्या नगरसेवकाकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. गाळ उपसायचा तर मे महिन्यातच, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा, आणि तेही जाणकार माणूस सोबत घेऊन. बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू असू शकतो, उत्साहाने पोरांना आत उतरवू नका.